बादलीभर चिखल आणि दोन बोटं काठ

माझ्या धाकट्या भावानं माझ्या पायाखाली वर्तमानपत्र अंथरलं, त्याला आता सात-आठ वर्षं झाली. त्या पानावर काय छापलं होतं ते मला आजही सांगता येतं. एका बाजूला सोयाबीनचे भाव, दुसऱ्या बाजूला दागिन्यांची जाहिरात आणि त्यात एक हसरी नवरी. माझी डावी टाच बरोबर त्या नवरीच्या तोंडावर होती.

नागपंचमीचा सण होता. आमच्याकडं लेकी दिवाळीपेक्षा पंचमीला माहेरी जातात, आणि आई-वडील गेल्यापासून माझं माहेर म्हणजे भावाचं नांदेडातलं घर. तो तिथं सरकारी कचेरीत नोकरीला. मी लातूरहून एसटीनं निघाले, तेही सकाळी रोपांचे ट्रे भरून देऊनच. लातूर-रेणापूर रस्त्याला माझी रोपवाटिका आहे. टोमॅटो, मिरची, कोबी, टरबूज, मागाल ते रोप. तेव्हा ती एका शेडची होती आणि शेडही उसन्या बांबूंची. निघताना पाय घासून धुतले होते, पण काळ्या रानातली माती धुतल्यानं जात नाही. ती टाचेच्या भेगांत मुक्कामाला असते. त्यात नांदेडच्या स्टँडवर नुकताच पाऊस होऊन गेलेला. भाऊ नवीकोरी गाडी घेऊन आला होता, त्याची पहिली. मला बघून हसला, पिशवी घेतली, दार उघडलं, आणि मी पाय आत टाकणार तोच म्हणाला, "आक्का, एक मिनिट." सीटमागून पेपर काढला, खाली अंथरला, चारही कोपरे सरळ केले. "हं, आता ठेव पाय. नवी हाय ना गाडी."

मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांना माझ्याशी बोलताना घाम फुटतो. खताच्या दुकानदारानं मला एकदा हात जोडून सांगितलं होतं, "ताई, तुम्ही दुसरीकडून घ्या, पैसे मी देतो." अशा माझ्या तोंडून त्या दिवशी शब्द निघाला नाही. स्टँडपासून घरापर्यंत मी दोन्ही पाय त्या कागदावर चिकटवून बसले. जरा हलले की कागद कुरकुरायचा. चार दिवसांसाठी गेले होते, दुसऱ्याच दिवशी परत आले.

त्यानंतर दर पंचमीला मी स्टँडवरून रिक्षानं जायची. "घ्यायला येतो की आक्का," तो फोनवर म्हणायचा. "नको, रिक्षा हाय," मी म्हणायची. मनात मात्र एक वाक्य तयार करून ठेवलं होतं. एक दिवस माझी गाडी येईल. हा चिखलानं भरलेले पाय घेऊन दाराशी उभा राहील. आणि मी म्हणेन, "ठेव पाय, बिनधास्त ठेव." एवढंच. सात-आठ वर्षं ते वाक्य मी देव्हाऱ्यातल्या भांड्यासारखं घासून लख्ख ठेवलं होतं.

मागच्या दसऱ्याला पिकअप घेतली. शोरूममध्ये मी चार तास बसले. तीन वेळा रागानं उठून गेले. दोन वेळा त्यांनी परत बोलावलं आणि तिसऱ्या वेळी विसरलेली पिशवी घ्यायला मीच परत गेले. माझा राग खोटा नसतो. लोकांना वाटतं बाई नाटक करते. नाटक नसतं, राग खराच येतो. फक्त आलाच आहे तर त्याला बसवून ठेवत नाही, कामाला लावते.

शेवटी "पायातल्या मॅट फुकट द्या" यावर मी अडून बसले आणि जिंकले. घरी येऊन बघते तर काळ्या फडक्याचे दोन तुकडे. चहा गाळायला बरे पडले असते. पहिल्याच दिवशी त्यांनी एवढा चिखल पिऊन घेतला की झटकायला उचलले तर खालच्या पत्र्यावर पाणी. असंच चाललं असतं तर वर्षात गाडीचा तळ गंजला असता. पण फुकट मागून घेतलेल्या वस्तूची तक्रार घेऊन जायचं कुणाकडं? त्या दिवशी मी स्वतःवरच चिडले, आणि स्वतःशी घासाघीस करता येत नाही.

गाडी मात्र काय होती! काचेवर विभूतीचे तीन पट्टे ओढले, नारळ फोडला, आणि मी पन्नाशीला टेकलेली बाई शेडभोवती पाच फेऱ्या मारून आले. देवाला सुद्धा मी कधी पाच घातल्या नव्हत्या. आमचे मालक गाडी चालवत नाहीत. त्यांना गाडीची भीती नाही, मी चालवत असताना शेजारी बसायची आहे. म्हणून ते मागं हौद्यात बसतात, रोपांसोबत.

दुसऱ्याच आठवड्यात चाकूरकडच्या एका शेतकऱ्याची मिरची लावून द्यायची होती. माझ्याकडच्या सहा बायका मागं बसल्या, रोपं चढली, मालक चढले, मी गाडी सोडली. चाकूरच्या पुढं शिवारात उतरलो आणि बघते तर सहाच्या सहा बायका अनवाणी.

"चपला कुठायत गं?"

सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. सगळ्यात म्हातारी होती ती म्हणाली, "नव्या गाडीत बसताना काढल्या की. शेडच्या दारात हायत."

"मग हातात घेऊन बसायच्या ना!"

"देवळात जाताना चपला हातात घेती व्हय कुणी?"

समोर रान, बांधावर बाभळी, जमिनीवर काट्यांचा सडा. माझं डोकं असं फिरलं की शेतकरी दोन पावलं मागं सरकला. मी गाडी वळवली, पुन्हा लातूर गाठलं. शेडच्या दारात सहा जोड ओळीनं लावून ठेवलेले, मंगल कार्यालयाबाहेर असतात तसे. ते उचलले आणि केबिनमध्ये शेजारच्या सीटवर ठेवले, कारण हौद्यात टाकले तर उडून जातील. तर असा माझा प्रवास झाला. बाया काट्यात उभ्या, आणि त्यांच्या चपला सीटवर बसून वारा खात चाकूरला चालल्या. अर्ध्या वाटेत मला हसू फुटलं ते थांबेना. पण हसता हसता लक्षात आलं, माझ्या बायकांनी माझ्या गाडीपुढं तेच केलं होतं जे मी भावाच्या गाडीपुढं केलं होतं. पाय लपवले होते.

त्या दिवशी ठरवलं, या गाडीत अशी मॅट येईल की कुणीही कसल्याही पायांनी चढावं. आणि तीही येळवशीच्या आत. कारण येळवशीला भाऊ येणार होता.

बाहेरच्यांना सांगावं लागतं. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्या लातूर जिल्ह्यात गावं ओस पडतात आणि रानं भरतात. ज्याला रान आहे तो आपल्या रानात, ज्याला नाही तो दुसऱ्याच्या. कडब्याच्या कोपीत पूजा करायची, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी खायची, मडक्यातली आंबील प्यायची. आमचं वडिलांचं रान शिरूर अनंतपाळच्या बाजूला आहे, आता भावाच्या नावावर. वर्षभर तो तिकडं फिरकत नाही, पण येळवस चुकवत नाही. त्या रानाची वाट अशी आहे की त्याची बुटकी गाडी तिथं जाऊच शकत नाही. माझी पिकअप जाते. मी हा हिशोब दसऱ्यालाच मांडून ठेवला होता.

आधी लातुरातच एका दुकानात गेलो. मी पुढं, मागं मालक, मालकांच्या हातात बादली, बादलीत चिखल. आमच्याच रानातला, सकाळी कालवलेला. मी कुठलीही वस्तू घेताना तिचं काम दुकानातच करून बघते. पातेलं घेताना त्यात पाणी भरते, दोर घेताना मालकांना ओढायला लावते.

दुकानदार तरणाताठा, कडक इस्त्रीचा. त्यानं मला वगळून मालकांना विचारलं, "काका, गाडी कोणती?"

मालक म्हणाले, "मला इचारू नका. मी बालटी धरायला आलोय."

मग त्यानं नाइलाजानं माझ्याकडं बघितलं आणि मॅट काढली. चॉकलेटी, चामड्यासारखी, चौकडीची शिलाई मारलेली. आमच्या लग्नातली गादी एवढी सुंदर नव्हती. "ताई, सगळे हीच घ्यायलेत. सेव्हन डी."

"सात काय काय हायत तिच्यात?"

त्याला दोनच्या पुढं सांगता आले नाहीत.

"धुवायची कशी?"

"धुवायची नसते ताई. ओल्या फडक्यानं पुसायची."

"तुमच्याकडं माती पुसून जाती?" मी बादलीतली मूठ भरली. "बघू दे बरं."

तो मॅट उरापाशी धरून मागं सरला, लेकरू हिसकावून घेतंय कुणी असा. "ओ ताई! शोपीस हाय ते!"

"मग भिंतीला लावते. पायाखाली घालायला काय हाय ते दाखवा."

त्यानं पुन्हा मालकांकडं बघितलं. "काका, सांगा ना यांना."

हे "सांगा ना यांना" मी फार ऐकलंय. बँकेत ऐकलंय, वीजबिलाच्या खिडकीवर ऐकलंय. पुढं काय बोलले ते लिहीत नाही. पण बाहेर आलो तेव्हा शेजारच्या दुकानातले दोघं दारात उभे होते आणि मालकांनी बादली या हातातून त्या हातात घेऊन विचारलं, "आता कुठं?"

"नांदेडला."

"चिखल घेऊन?"

"चिखल घेऊन."

नांदेडकडं तशीही टरबुजाची रोपं द्यायची होती. गाडीच्या सामानाच्या दुकानांची तिथं एक लांब रांग आहे. पहिली चार दुकानं मी नुसती भाव विचारत गेले. जी वस्तू घ्यायची तिचा भाव आधी कधी विचारू नये, तिच्या शेजारणीचा विचारावा. पाचव्या दुकानात एक पांढऱ्या दाढीचे चाचा काउंटरवर बसून केळी खात होते. त्यांनी आधी बादलीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आपा, बालटीत काय आणलं?"

"चिखल."

"विकायला?"

"तपासायला."

ते केळ्याचं साल बाजूला ठेवून उठले. "बिस्मिल्ला करा मग."

एवढ्यावरच माझा अर्धा राग उतरला, आणि मला धास्ती वाटली. राग नसला की मला भाव करता येत नाही.

त्यांनी दुकानापुढच्या फरशीवर तीन मॅट टाकल्या. एक शेवयांच्या गुंतवळासारखी जाळीदार. दुसरी साधी पातळ रबराची. तिसरी काळी, जाड, वाकवली तर वाकणारी, चारी बाजूंनी दोन बोटं काठ वर आलेला. परातच म्हणा. मी तिसरीकडं बघितलंच नाही. जाळीदार मॅटवर चिखल थापला, टाचेनं रगडला, वर तांब्याभर पाणी ओतलं. माती शेवयांत जी शिरली ती शिरली. उद्या तीत मेथी उगवली असती. रबरी मॅटवर ओतलेलं पाणी चहूकडून वाहून चाचांच्या चपलांपर्यंत गेलं. मग, आलेच आहे तर बघते अशा चेहऱ्यानं, मी परातीकडं वळले. चिखल थापला. तांब्याभर पाणी. काठाच्या आत सगळं शांत. दुसरा तांब्या. शांत.

"हलवून बघा," चाचा म्हणाले.

मी आणि मालकांनी दोन बाजूंनी धरून ती हलवली, पाळण्यासारखी. पाणी इकडून तिकडं गेलं आणि काठाला थापट मारून परत आलं. मनात मी तिथंच सौदा करून टाकला. तोंड मात्र मी आंबट केलं.

"काळी माती वाळल्यावर खरी कळते," मी म्हटलं. "थांबावं लागंल."

"थांबा की." त्यांनी चहा मागवला. पाणी ओतून मॅट उन्हात टाकली आणि आम्ही तिघं तिच्याकडं बघत तीन-तीनदा चहा प्यायलो, पापड राखत बसल्यासारखे. रस्त्यावरचे दोघं-तिघंही थांबले. त्यातला एक आयशर टेम्पोवाला, एक उसाचा मुकादम. वाळता वाळता मातीला भेगा पडल्या, कडा वर उचलल्या, आणि मी मॅट उपडी करून मागून थाप मारली तर अख्खा थर एका तुकड्यात खाली पडला. आमच्या रानाची माती कुणाला एवढ्या सहज सोडत नाही. मला तरी सोडलेलं नाही.

मग तिच्याच जोडीतली ड्रायव्हरच्या बाजूची मॅट गाडीत घालून बघितली. ही महत्त्वाची. ब्रेकखाली सरकली तर सगळंच संपलं. हिला खाली दोन आकडे होते, सीटखालच्या खुंटीत अडकायचे. मी पायानं ओढलं, टाचेनं ढकललं, जाग्यावरून हलली नाही.

आता भाव. चाचा म्हणाले जोडीचे दोन हजार आठशे. मी म्हटलं चौदाशे. चाचा हसले आणि सावकाश म्हणाले, "आपा, तुम्ही तीन मॅटवर चिखल घातला. आता त्या नव्या राहिल्या न्हाईत. तिन्ही तुम्हालाच घ्याव्या लागतील."

मालकांनी रिकाम्या बादलीत तोंड घातलं. हसत होते, मला माहीत आहे.

मी पदर खोचला. दुकानाच्या कोपऱ्यात नळ होता, तिथं जाऊन परात-मॅट धरली. एका तांब्यात ती पुन्हा कोरी. सगळ्यांना दिसेल अशी उन्हात धरली. आयशरवाला पुढं आला, हात फिरवला, म्हणाला, "चाचा, माझ्या गाडीला बसंल का ही?" त्याच्या मागून मुकादम, "मला पण द्या एक."

मी चाचांकडं वळले. "दोन मॅट मी विकून दिल्या. तुम्ही दुकानात बसून सकाळधरनं किती विकल्या?"

चाचांनी केळ्याच्या सालाकडं बघितलं. "एक बी न्हाई."

"मग माझं कमिशन धरा, आणि आता भाव बोला."

सतराशेला सौदा झाला. जाळीदार मॅट त्यांनीच ठेवून घेतली. म्हणाले, गिऱ्हाइकाला दाखवायला कामी येईल, मातीत काय घेऊ नये त्याचा नमुना. निघताना म्हणाले, "आपा, दर महिन्याला येत जा. बालटी मी देतो."

घरी येऊन मी पेंटरला बोलावलं आणि केबिनच्या दारावर लिहून घेतलं: चपला घालूनच बसावे. बायकांना दोन दिवस पटेना. तिसऱ्या दिवशी म्हातारीनं केबिनमध्ये मोठ्या हिमतीनं चपलेसकट पाय ठेवला, माझ्याकडं बघितलं, दुसरा ठेवला, आणि मग एवढी हसली की हातातला रोपांचा ट्रे कलंडला. मी ओरडले. पण ते ट्रेसाठी.

येळवशीच्या दिवशी सकाळीच आम्ही गावात पोचलो. पाहुण्यांच्या बायका आणि भावजय ट्रॅक्टरमधून पुढं रानात गेल्या होत्या. आंबिलीची दोन मडकी माझ्या गाडीत. एक मालकांच्या मांडीवर मागं हौद्यात, एक माझ्या शेजारच्या सीटवर चुंबळ करून, पट्टा लावून. तेवढ्यात भावाचा फोन आला.

"आक्का, गाडी फसली गं."

लोकांना असं बोलताना मी ऐकलंय की देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो. मला त्यानं रस्ता फाडून दिला. कुणाच्या तरी हरभऱ्याची पाइप फुटून वाटेवर चिखल झाला होता, आणि हा आपली बुटकी गाडी तिथपर्यंत घेऊन गेला होता. मी पोचले तेव्हा तो मागून गाडी ढकलत होता. एकटाच. गुडघ्यापर्यंत काळाभोर. मी हॉर्न वाजवला. गरज नव्हती, तरी वाजवला.

"राहू दे ती," मी म्हटलं. "येताना दोरीनं ओढू. बस इकडं."

तो आला. मी सीटवरचं मडकं उचलून धरलं आणि दार आतून उघडलं. त्याच्या पायांकडं बघितलं. बूट कुठला आणि पाय कुठला ओळखू येत नव्हतं. आणि मी म्हटलं, "ठेव पाय, बिनधास्त ठेव."

त्यानं खाली वाकून बूट काढले. मोजे काढले. बूट एका हातात घेतले, सीटवर चढला आणि पाय वर घेऊन मांडी घालून बसला. पुस्तकासारखा मिटून. मॅटला नखही लागू दिलं नाही.

"नको गं आक्का. नवी गाडी हाय तुझी."

"दारावर काय लिवलंय, वाचता येतं ना?"

"आलं की वाचता. म्हणून काय घाण करायची?"

"पाय खाली ठेव म्हणते ना!"

"असू दे, लई चिखल हाय. काय बिघडलं?"

काय बिघडलं! मी मडकं त्याच्या मांडीवर आदळलं, गिअर टाकला आणि निघाले. सात-आठ वर्षं जपलेलं वाक्य, आणि गड्यानं ते ऐकलं की नाही तेसुद्धा कळेना. मी पुन्हा म्हटलं, पाय खाली ठेव. तो पुन्हा म्हणाला, नको. मागून मालकांनी काच वाजवली, म्हणजे हळू चालव. मी हळू चालवलं नाही. ओढ्याच्या उताराला चाक एका खड्ड्यात गेलं. एका हातात बूट, एका हातात मडकं, आणि तोल सावरायला खाली पाय नाहीत. भाऊ पुढं झुकला, मडकं आडवं झालं, आणि ताक-ज्वारीची, लसूण-जिरं घातलेली, रात्रभर आंबवलेली मडकंभर आंबील धो धो करून खाली गेली.

मी ब्रेक दाबला. दोघंही खाली बघत राहिलो.

आंबील इकडून तिकडं गेली. काठाला थापट मारून परत आली. मग थांबली. बरोबर काठाच्या खाली बोटाचं एक कांडं. परातीत वाढल्यासारखी.

मी गाडी बंद करून उतरले, त्याच्या बाजूचं दार उघडलं, काठाच्या बाहेरून बोट फिरवलं. कोरडं! पत्र्यावर फिरवलं. कोरडं! मी अशी ओरडले की मालक हौद्यातून उभे राहिले.

"काय झालं? आंबील गेली का?"

"आंबील गेली! मॅट राहिली!"

भाऊ तसाच मांडी घालून, बूट उराशी धरून बसलेला. "आक्का, आता पाय कुठं ठेवू?"

"खाली."

"खाली आंबील हाय."

"माझ्या पायाखाली तू पेपर टाकला होतास. मी काही बोलले व्हय?"

"कुठला पेपर?"

त्याच्या तोंडाकडं मी नीट बघितलं. नाटक नव्हतं. त्याला खरंच आठवत नव्हतं. मी तिथंच, ओढ्याच्या उतारावर, सगळं सांगितलं. स्टँड, पाऊस, सोयाबीनचे भाव, नवरीचं तोंड, कुरकुरणारा कागद. सांगताना माझा आवाज चढत गेला आणि शेवटी बसला.

त्यानं उराशी धरलेले बूट मांडीवर टेकवले. म्हणाला, "म्हणून तू रिक्षानं येतीस व्हय? मला वाटलं, तुला माझं चालवणं आवडत न्हाई. मी एवढी वर्षं त्यासाठी हळू चालवाया शिकलो."

मागून मालक म्हणाले, "मी मागं बसतो त्याचं कारण हिनं कधी इचारलं न्हाई, आन् काही शिकली बी न्हाई."

मी हसायचं नाही असं ठरवत होते, तेवढ्यात भावानं बूट मागं मालकांकडं दिले, पँट वर केली आणि दोन्ही पाय, चिखलासकट, आंबिलीत सोडले. पायाची बोटं दिसेनाशी झाली.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"गार हाय गं."

मग आम्ही दोघं असे हसलो की मला गाडीच्या दाराला धरून खाली बसावं लागलं. कोपीपर्यंत तो तसाच आला, पाय बुडवून, एकदम ताठ, नवरदेवासारखा. रानात पोचल्यावर मॅट उचलून बांधावर ओतली, पाटाच्या पाण्यात खळबळली. एका धुण्यात कोरी. मागचं मडकं वाचलं होतं, पूजा त्याच्यावर झाली. केबिनला मात्र महिनाभर लसणाचा वास येत होता. त्याबद्दल मी चाचांशी जाऊन भांडले. ते म्हणाले, "आपा, पाणी आणि मातीची गॅरंटी दिली होती. वासाची बात झालीच नव्हती." खरं होतं. वास तपासायचा राहिलाच होता.

यंदाच्या पंचमीला मी नांदेडच्या स्टँडवर उतरले तेव्हा भाऊ गाडी घेऊन उभा होता. आता ती नवी राहिलेली नाही. त्यानं दार उघडलं आणि बाजूला झाला. "ये आक्का. तशीच बस."

मी आत बघितलं. पायाखालचं कारपेट कधीकाळी राखाडी असावं. त्यावर शेंगांची फोलपटं, बिस्किटाचा चुरा, कचेरीची कुठली तरी पावती, आणि कोपऱ्यात, आईशप्पथ, येळवशीचा वाळलेला चिखल. आणि माझ्या पायात त्याच सकाळी लातुरात अर्ध्या भावात आणलेल्या कोऱ्या चपला.

मी पिशवीतून वर्तमानपत्र काढलं. खाली अंथरलं, चारही कोपरे सरळ केले आणि मग पाय ठेवले.

"आक्का!" तो ओरडला.

"नव्या हायत ना चपला," मी म्हटलं. "चल, लई हळू चालवू नको."